अळीची कात आणि निंबोळीचा अर्क

तापीच्या खोऱ्यातील बऱ्हाणपूर जिल्ह्यात केळी व कपाशी ही शेतकऱ्यांची महत्त्वाची नगदी पिके होत. कपाशीवर हिरवी बोंडअळी किंवा हरभऱ्यावर घाटेअळी दिसू लागली, की प्रथम निंबोळीच्या अर्काची फवारणी करावी, असा सल्ला दिला जातो. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात अळी जिवंतच आढळते. ‘अर्क लागू पडला नाही’ असे समजून शेतकरी लगेच जहाल औषध फवारतो. त्यामुळे खर्च दुप्पट होतो आणि अळ्यांना खाणारे मित्रकीटकही नष्ट होतात. वास्तविक अर्काचे कार्य तेव्हा नुकतेच सुरू झालेले असते. ते समजण्यासाठी अळीची वाढ कशी होते, हे पाहिले पाहिजे.

अळी कात का टाकते?

मनुष्याचा सांगाडा शरीराच्या आत असतो. कीटकाचा आधार म्हणजे त्याचे बाहेरचे कवच. अंग वाढले तरी हे कवच पुरेसे वाढत नाही. म्हणून अळी ठरावीक काळाने जुनी कात टाकते व आतील नवी कात धारण करते. रेशमाची अळी अशी चार वेळा कात टाकते आणि नंतर कोष विणते.

ही वेळ ठरविणारे द्रव्य म्हणजे ‘एक्डायसोन’ हे संप्रेरक. अळीचा मेंदू प्रथम छातीतील ग्रंथींना आज्ञा देतो. त्या ग्रंथी एक्डायसोन रक्तात सोडतात आणि कात टाकण्याची क्रिया सुरू होते. या वेळी दुसरे एक ‘बाल्य संप्रेरक’ रक्तात भरपूर असेल, तर अळी कात टाकून पुन्हा अळीच राहते. ते ओसरले की अळीचा कोष होतो आणि पुढे कोषातून पतंग बाहेर पडतो.

पोलंडचे शास्त्रज्ञ स्टेफान कोपेच यांनी १९२२ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून मेंदूचे हे महत्त्व दाखवून दिले. पुढे १९५४ साली जर्मनीतील बुटेनांट व कार्लसन यांनी एक्डायसोन शुद्ध स्वरूपात मिळविले. त्यासाठी रेशीमकिड्यांचे सुमारे ५०० किलो कोषकीटक लागले आणि हाती आले अवघे २५ मिलिग्रॅम स्फटिक! इतक्या सूक्ष्म मात्रेवर कीटकाचे सारे जीवन अवलंबून असते.

निंबोळी काय करते?

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील डॉ. प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली दाखविले, की निंबोळीच्या गराचे पाणी शिंपडलेल्या पिकाला टोळ तोंड लावत नाहीत. निंबोळीतील ‘अझाडिरॅक्टिन’ हे द्रव्य १९६८ साली वेगळे करण्यात आले. या द्रव्यामुळे अळीचे खाणे मंदावते. शिवाय मेंदूकडून ग्रंथींना जाणाऱ्या आज्ञेत अडथळा येऊन एक्डायसोन वेळेवर तयार होत नाही. परिणामी अळीला कात टाकता येत नाही; ती अर्धवट कातेत अडकून मरते किंवा व्यंग घेऊन वाढते. मरण येते ते पुढील कातेच्या वेळी, म्हणजे काही दिवसांनी.

शेतकरी बंधूंनी लक्षात ठेवावे

पाच टक्के अर्कासाठी वाळलेल्या निंबोळ्यांची ५ किलो भरड रात्रभर पाण्यात भिजवावी. सकाळी फडक्यातून गाळून त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवावा व एकूण द्रावण १०० लिटर करावे. उन्हात अर्काचा गुण लवकर कमी होतो, म्हणून तो ताजाच वापरावा व सायंकाळी फवारावा.

अंडी व लहान अळ्या दिसताच फवारणी करावी. मोठ्या अळीने नुकसान करून झालेले असते व तिच्यावर अर्काचा परिणामही कमी होतो. गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघताच बोंडात शिरते. आत गेलेल्या अळीपर्यंत अर्क पोहोचत नाही. तिच्यासाठी कामगंध सापळ्यांवर नजर ठेवणे आवश्यक आहे.

फवारणीचे फळ दुसऱ्या सकाळी पाहू नये. पानावरील नवी छिद्रे कमी झाली काय, अळ्या सुस्त व खुरटलेल्या आहेत काय, हे चार-पाच दिवसांनी पाहावे. कृषी कर्मचाऱ्यांनीही अर्काची शिफारस करतानाच ही मुदत सांगावी. त्या अवधीतही नुकसान वाढतच राहिले, तर मात्र पुढील उपायासाठी त्यांचा सल्ला घ्यावा.

शाळेत हा पाठ सहज दाखविता येईल. लिंबाच्या किंवा कढीलिंबाच्या पानावरील फुलपाखराची अळी जाळीच्या झाकणाच्या बरणीत ठेवावी व रोज ताजी पाने द्यावीत. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी ही अळी शेवटच्या अवस्थेत कात टाकताच हिरवीगार होते. ज्या मुलाने हे एकदा पाहिले, तो घरी वडिलांना फवारणीनंतर चार दिवस थांबण्याचे कारण नक्कीच सांगू शकेल.