नवलाच्या गोष्टी लिहिणाऱ्या भाचीला आत्याचे कानमंत्र

पोरी, तू अद्भुत कादंबरी लिहायला घेतलीस आणि पुस्तकही स्वतःच काढणार आहेस, हे तुझ्या आईनं सांगितलं. तू आत्याला कळवायची राहिलीस, ते असू दे, गोष्टीतल्या राक्षसांनी वेळ दिला नसेल. आता लेखक तू, प्रकाशक तू आणि पोस्टाच्या रांगेत उभी राहणारीही तूच. ही वाट आपल्या भाषेला नवी नाही. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची, नाथमाधवांची ‘वीरधवल’ १९१३ ची. मराठी माणसानं नवलाच्या गोष्टी पहिल्यापासून आवडीनं वाचल्यात. मोरगावात बसून तुला एवढंच सांगते, कल्पना हवी तेवढी मोकळी सोड, पण तिच्याभोवतीच्या लहान लहान सवयी पक्क्या ठेव. गोष्ट शेवटापर्यंत जाते ती त्यांच्याच जोरावर.

गोष्ट रचताना

१. बर्फाचे डोंगर उसने आणण्याआधी सुप्याच्या माळावर एक संध्याकाळ फिरून ये — मयूरेश्वर अभयारण्यातली चिंकारा हरणं, खुरटं गवत आणि हुलकावणी देणारं आभाळ तुझ्या ओळखीचं आहे, आणि ओळखीच्या जमिनीवरच अशक्य गोष्ट खरी वाटते.

२. कुठं काही विचित्र दिसलं की थांबून त्याची कथा विचार — इथं गणपतीच्या देवळासमोर नंदी का, तर दुसऱ्या शिवमंदिरात नेताना तो इथं विसाव्याला थांबला आणि मग जागचा हललाच नाही, असं सांगतात. अर्धं नवल गावानंच रचून ठेवलेलं असतं.

३. कुणालाही अमर्याद शक्ती देऊ नकोस — इथल्या मयूरेश्वर गणपतीच्या कथेतला सिंधू असुर पोटातल्या अमृतामुळं अजिंक्य होता, आणि ते अमृत बाहेर काढल्यावरच मेला. बळ आणि कच्ची जागा एकाच ठिकाणी असली की गोष्ट आपोआप चालायला लागते.

४. जादूचे नियम वहीच्या पहिल्या पानावर लिही आणि तूच ते पाळ — नियम मोडला की नवल मेलं.

५. बंधनाला घाबरू नकोस — आपल्या बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) एकच रामकथा १०८ तऱ्हांनी रचली, आणि ‘निरोष्ठ रामायणा’त तर ओठ जुळणारं अक्षरच येऊ दिलं नाही. अडवलं म्हणून त्यांची कल्पना आटली नाही, उलट नव्या वाटा शोधत गेली.

६. नावं, वयं, गावांची अंतरं, घोडं दिवसात किती चालतं, सगळ्याची वेगळी वही ठेव — पहिल्या भागात डावखुरा असलेला सेनापती तिसऱ्या भागात उजव्या हातानं तलवार उपसतो, आणि ते तुझ्याआधी शाळकरी वाचकाला दिसतं.

७. पात्राचं नाव ठरवण्याआधी अंगणात उभी राहून त्या नावानं हाक मारून बघ — जी हाक मारताना जीभ अडखळते, तिथं वाचकही प्रत्येक पानावर अडखळणार.

८. साती आसरा, म्हसोबा, सटवाई गोष्टीत आणायच्या असतील तर त्यांना मानणाऱ्या घरात आधी दोन घटका बसून ये — तुझ्या लेखी ते पात्र असेल, त्या घरात तो देव आहे.

९. लोककथांसाठी इंटरनेटवरच्या याद्यांवर थांबू नकोस, सरोजिनी बाबर, दुर्गाबाई भागवत आणि रा. चिं. ढेरे यांची पुस्तकं ग्रंथालयातून आण — आपल्या जेजुरीच्या खंडोबावरच ढेऱ्यांनी इतकं लिहून ठेवलंय की तुला धागे कमी पडायचे नाहीत.

रोज लिहिताना

१०. रोज अर्धं पान लिही, लग्नसराईतही आणि यात्रेतही — अर्ध्या पानाला सवड लागत नाही, आणि सवडीची वाट बघत राहिलं की वर्षं जातात. रोजचं अर्धं पान, वर्षाला पुस्तकाचा मान.

११. पोटापाण्याचं काम सोडायची घाई करू नकोस — मोरोपंत बारामतीत बाबूजी नाईकांच्या आश्रयानं पुराण सांगत, आणि रत्नाकर मतकरींनी गूढकथा लिहीत कितीतरी वर्षं बँकेत नोकरी केली. घरात पगार येत असला की गोष्टीला पिकायला वेळ मिळतो.

१२. पुढचं कथानक भेटेल त्याला सांगत सुटू नकोस — लिहिलं ते राहिलं, सांगितलं ते सांडलं.

१३. शेवटचं प्रकरण झालं की पुन्हा पहिल्याशी ये आणि ते नव्यानं लिही — अष्टविनायकाची यात्राही मोरगावला निघून मोरगावलाच पुरी करायची असते, कारण परत आलेल्या माणसाला तेच देऊळ नीट दिसतं.

१४. लिखाणाच्या तीन प्रती ठेव, एक संगणकात, एक पेनड्राइव्हवर आणि एक ईमेलवर — आपल्याकडं लाईट कधी जाईल सांगता येत नाही. एक प्रत ती उसनी, तीन प्रती त्या आपल्या.

१५. पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच टाईप कर — जुन्या फॉन्टातला मजकूर बदलून घेताना जोडाक्षरं मोडतात, आणि तीनशे पानांतली मोडकी अक्षरं शोधण्यात तुझा पुढचा भाग जाईल.

१६. मोबाईलला बोलून मजकूर लिहवत असशील तर त्याच रात्री वाचून दुरुस्त कर — आठवड्यानं आपण काय म्हणालो होतो ते आपल्यालाही आठवत नाही, आणि यंत्रानं ऐकलेला ‘वेताळ’ ‘वेळ’ होऊन बसतो.

१७. लिहिता येत नाही ते दिवस वाचनाला दे — नाथमाधव तरुणपणी शिकारीला गेले असता सिंहगडाजवळ पडले आणि कमरेखाली अधू झाले. अंथरुणावरच्या वाचनातूनच पुढं त्यांच्या कादंबऱ्या उभ्या राहिल्या.

१८. तासाभरानं उठून पाणी पी, चार पावलं चाल — पाठ गेली की दुसरा भाग गेला.

दुसऱ्यांना दाखवताना

१९. पहिला खर्डा आईला दाखव, पण दुसरा परक्या माणसाला — कौतुक घरचं, पारख परक्याची. दोन्ही लागतं, क्रम मात्र चुकवू नकोस.

२०. वाचणाऱ्याला ‘आवडलं का?’ असं विचारू नकोस, ‘कुठं कंटाळा आला?’ असं विचार — पहिल्या प्रश्नाला लोक भिडेपोटी ‘हो’ म्हणतात, दुसऱ्याला पान नंबर सांगतात.

२१. जमेल तिथं नाव झाकून स्पर्धेला गोष्ट पाठव — जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, आणि बक्षीस मिळालं ते गोष्टीला. एवढ्या मोठ्या माणसाला हे करावंसं वाटलं, तर तुला काय हरकत आहे?

२२. छापायला देण्याआधी सगळी कादंबरी मोठ्यानं वाच, चार दिवस लागले तरी चालेल — जे मोठ्यानं वाचलं, तेच छपाईतून वाचलं.

२३. मुद्रितशोधनाचे पैसे वाचवू नकोस — आपल्या चुका आपल्याला दिसत नाहीत, कारण काय लिहायचं होतं तेच डोळा वाचतो.

२४. दिवाळी अंकासाठी दरवर्षी एक लहान गोष्ट बाजूला ठेव आणि उन्हाळ्यातच संपादकांना विचार — १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून मराठी वाचक दिवाळीत नव्या लेखकाला भेटतो, आणि अनंत अंतरकरांनी ‘नवल’ तर असल्या गोष्टींसाठीच काढलं. तुझं नाव ओळखीचं करून द्यायला एक चांगली कथा पुरते.

पुस्तक काढताना

२५. आयएसबीएन स्वतःच्या नावावर घे, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नकोस — दिल्लीची राजा राममोहन रॉय संस्था तो फुकट देते आणि लेखकालाही अर्ज करता येतो. छापील पुस्तकाला एक आणि ई-पुस्तकाला दुसरा लागतो, तेवढं ध्यानात ठेव.

२६. पानं सोळाच्या पटीत बसव — छापखान्यात सोळा पानांचा फॉर्म धरतात. १६० ची १६१ पानं झाली की एका पानापायी खर्च वाढतो.

२७. पहिल्यांदा थोड्याच प्रती छाप, लागतील तशा पुन्हा काढता येतात — प्रत स्वस्त पडते म्हणून हजार छापल्या की त्या पलंगाखाली राहायला येतात.

२८. गठ्ठे कधी जमिनीला टेकवून ठेवू नकोस, फळी घाल — वाळवी अद्भुत आणि वास्तव असा भेद करत नाही.

२९. मुखपृष्ठ चित्रकाराकडून करून घे आणि ते कुठंकुठं वापरणार ते लिहून ठरव — इंटरनेटवरून उचललेलं चित्र कुणाचं तरी असतं, आणि ते कुणीतरी पुस्तक गाजल्यावरच उगवतं.

३०. पुस्तक निघाल्यावर तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीतल्या ठरवून दिलेल्या एकेका ग्रंथालयाला प्रत पाठव — १९५४ च्या कायद्यानं ते प्रकाशकाचं काम आहे, आणि आता प्रकाशक तू आहेस. आपण नसलो तरी पुस्तक तिथं सापडतं.

३१. किंडलवर मराठी ई-पुस्तक जरूर काढ, पण ‘केडीपी सिलेक्ट’ला होकार देण्याआधी अटी वाच — त्या योजनेच्या ९० दिवसांच्या मुदतीत तेच ई-पुस्तक दुसरीकडं ठेवता येत नाही, आणि तुझी प्रकरणं तर प्रतिलिपीवर चालू असतात.

३२. ‘भाग पहिला’ छापण्याआधी दुसऱ्या भागाचा कच्चा खर्डा हातात असू दे — वाचक वाट बघतो, पण त्याला पहिला भाग विसरू देऊ नये.

कागद आणि पैसा

३३. करारात मुदत आणि प्रदेश दोन्ही लिहिलेत का ते बघितल्याशिवाय सही करू नकोस — मुदत लिहिली नसेल तर कायदा हक्काचं हस्तांतर पाच वर्षांचं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. पण ‘कायमचे आणि जगभरासाठी’ असे शब्द कुणी घातले तर तेच चालतात. घाईची सही, जन्माची हळहळ.

३४. ई-पुस्तक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट, प्रत्येक हक्काचं वेगळं बोल — नारायण धारपांची कथा ‘तुंबाड’ची प्रेरणा ठरली आणि तो चित्रपट आला २०१८ साली, ते जाऊन दहा वर्षं झाल्यावर. गोष्ट कधी कुठं उगवेल ते आज कळत नसतं.

३५. पुराणातलं हवं ते घे, पण अलीकडच्या लेखकाचं जग उचलू नकोस — लेखक गेल्यावर साठ वर्षं हक्क राहतो. नाथमाधव १९२८ मध्ये गेले, त्यांचं लेखन आता सगळ्यांचं आहे. धारप २००८ मध्ये गेले, त्यांच्या लेखनावरचा हक्क २०६८ अखेरपर्यंत आहे.

३६. दुकानात किंवा वितरकाकडं दिलेल्या प्रतींची पोच तिथल्या तिथं घे, तारखेसकट — दोघंही भली माणसं असली तरी दोघांचीही आठवण वेगवेगळी असते.

३७. किंमत ठरवण्याआधी दुकानाची सूट, पोस्टाचा खर्च आणि फुकट वाटायच्या प्रती मांडून बघ — छपाईवर थोडे पैसे चढवून किंमत लावली की पुस्तक खपतं आणि तूच तोट्यात जातेस. हिशेब रोजचा, तर झोप रात्रीची.

३८. तालुक्यातल्या ग्रंथालयांत स्वतः जाऊन पुस्तक दाखव, ‘अ’ वर्गापासून ‘ड’ वर्गापर्यंत — विकत घेणारा एकदाच वाचतो, ग्रंथालयातली प्रत गावभर फिरते.

माणसांशी वागताना

३९. वाईट अभिप्रायाला त्याच दिवशी उत्तर देऊ नकोस, आणि चांगल्याला दिल्याशिवाय राहू नकोस — रागाचं उत्तर लोक जपून ठेवतात. पत्र लिहिणारा वाचक मात्र उत्तर मिळालं की पुढचा भाग मागून घेतो.

४०. दुसरं कुणी असंच लिहीत असेल तर त्याचं पुस्तक विकत घे आणि चार जणांना सांग — एका अद्भुत कादंबरीनं वाचकाला चटक लागली की तो दुसरी शोधत येतो, आणि ती तुझी असू शकते.

४१. नातेवाइकांना फुकट प्रती वाटत बसू नकोस, शाळेच्या ग्रंथालयाला मात्र जरूर दे — पोरं पान न् पान वाचतात, आणि नातेवाईक पुस्तक टीव्हीजवळ ठेवून देतात. माझी प्रत मी पूर्ण किमतीला विकत घेणार आहे, आणि वाचून झाल्यावर कुठं कंटाळा आला ते पान नंबरासकट सांगणार आहे.