अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी घरात काय असावे

गर्भाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे मानले जाते. अशा बाळाच्या अंगावर चरबीचा थर पुरेसा नसतो, चोखण्याचे बळ कमी असते आणि त्याला संसर्ग लवकर होतो. घरात काय लागेल हे या तीन गोष्टींवरूनच ठरते, आणि त्यातले बरेचसे घरात आधीपासून असते. दुकानातल्या पावडर-तेल-साबणाच्या पेट्यांवरचा खर्च वाया जातो. तो पैसा रुग्णालयाच्या फेऱ्यांच्या गाडीभाड्यासाठी राखलेला बरा.

पहिली गरज उबेची. इन्क्युबेटर अपुरे पडत होते म्हणून १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एदगार रेय यांनी बाळांना आयांच्या छातीशी ठेवायला सुरुवात केली. हीच कांगारू पद्धत. बाळाच्या अंगावर फक्त टोपडे, लंगोट आणि पायमोजे ठेवावेत. त्याला आईच्या छातीवर उभे धरावे, मान एका बाजूला वळवून किंचित वर, म्हणजे श्वास मोकळा राहतो. वरून जुनी मऊ सुती साडी बाळाच्या कानाखालपर्यंत गुंडाळावी. एका बैठकीला निदान तासभर, आणि दिवसाचे आठ तास किंवा जमेल तितके अधिक. आई थकली की वडिलांनी किंवा आजीने बाळ घ्यावे. पुरुषाच्या छातीची ऊबही तितकीच चालते. पोट ऊबदार पण तळपाय गार लागले तर बाळाला थंडी वाजते आहे. पोटही गार लागले तर ती धोक्याची खूण.

मुरूड-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात लंगोट आणि दुपटी दोन-दोन दिवस वाळत नाहीत. म्हणून ती नेहमीच्या दुप्पट असावीत आणि इस्त्री फिरवूनच वापरावीत. चुलीवर वाळवलेल्या कपड्यांना धूर धरतो. बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी आणि ओव्याची धुरी कितीही मायेने केलेली असली, तरी कोवळ्या फुफ्फुसांना ती सोसत नाही. गरम पाण्याच्या पिशवीने कातडी भाजते.

दुसरी गरज दुधाची. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास बसतो. तोवर आईचे दूध हाताने पिळून, डॉक्टर सांगतील तसे, नळीने किंवा बोंडल्याने पाजावे लागते. संसर्ग टाळण्यासाठी बोंडले आणि वाटी दर वेळी उकळून घ्यावीत. बाटली टाळावी, कारण ती नीट स्वच्छ होत नाही. उकाड्यात पिळलेले दूध बाहेर चार तासांपेक्षा जास्त ठेवू नये. दूध पुरत नसेल तर पावडरीकडे वळण्याआधी दूधपेढीची चौकशी करावी. आशियातली पहिली मानवी दूधपेढी १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. मध, घुटी आणि वरचे पाणी अजिबात नको.

ऊब आणि दूध सांभाळले, तरी सर्वांत जास्त राहून जाते ती डोळ्यांची तपासणी. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या दृष्टिपटलाची पहिली तपासणी जन्मापासून महिन्याच्या आत व्हायलाच हवी; फार लहान बाळांची दोन-तीन आठवड्यांतच. बाहेरून डोळा निरोगी दिसतो, घरी येण्याची घाई असते, आणि तारीख उलटते. घरी सोडतानाच नेत्रतज्ज्ञाचे नाव आणि तारीख फाइलवर लिहून घ्यावी. कानांच्या तपासणीचेही तसेच. लस मात्र जन्मतारखेवरून द्यायची. वाढ मोजताना लवकर आलेले दिवस वजा करावेत: दोन महिने आधी आलेले बाळ सहाव्या महिन्यात चार महिन्यांच्या बाळासारखे वागले, तर ते मागे पडलेले नाही.

आशाताई ४२ दिवसांपर्यंत ठरावीक दिवशी घरी येऊन वजन आणि ताप पाहतात. त्यांना बाळाची फाइल दाखवावी. सरकारी रुग्णालयात आजारी बाळाचे उपचार वर्षभरापर्यंत मोफत आहेत, आणि १०२ची गाडीही. बाळ दूध ओढेनासे झाले, श्वास मिनिटाला साठाच्या वर गेला किंवा मधेच थांबला, तळहात-तळपाय पिवळे पडले, तर १०८ला फोन करावा. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात नवजातांचा विशेष कक्ष आहे. मुरूड-श्रीवर्धनहून तिथवर पोहोचायला वेळ लागतो, म्हणून निघण्याआधी फोन करून कळवावे, फाइल सोबत घ्यावी आणि वाटेतही बाळ छातीशी बांधलेलेच ठेवावे.