आधी गाल तपासा, मग ब्लश घ्या

ब्लश घ्यायला गेलं की बहुतेक जणी आधी रंग बघतात. मला वाटतं, रंग शेवटी बघावा. आधी पावडर, क्रीम की लिक्विड हे ठरू द्या. प्रकार चुकला तर कितीही सुरेख रंग घेतला तरी दुपारपर्यंत त्याचे गालावर चट्टे दिसू लागतात.

सुट्टीच्या दिवशी सकाळी सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा, टिपून घ्या आणि काहीही न लावता तासभर तसाच राहू द्या. मग टिश्यू पेपरचा एक तुकडा कपाळावर आणि नाकावर दाबा, दुसरा गालावर. दोन्हींवर तेल उमटलं तर त्वचा तेलकट. दोन्ही कोरडेच निघाले आणि हसताना गाल ओढल्यासारखे वाटले तर कोरडी. फक्त पहिल्यावर तेल आलं तर मिश्र. पुष्कळ जणींची गफलत होते ती इथेच. नाक चमकतं म्हणून त्या स्वतःला तेलकट ठरवतात आणि पावडर उचलतात. पण ब्लश लागतो गालावर, म्हणून कौल गालाच्या तुकड्याचा घ्या.

गाल तेलकट असतील तर पावडर ब्लश. त्यातला टॅल्क किंवा सिलिका तेल शोषून घेते. मोठा मऊ ब्रश बुडवून आधी झटका, मग हलक्या हाताने लावा. पावडर आवडत नसेल तर पाण्यासारखा पातळ टिंट चालेल. तो क्षणात वाळतो, म्हणून एक गाल पूर्ण करूनच दुसऱ्याकडे वळा.

गाल कोरडे असतील तर क्रीम ब्लश. कोरड्या त्वचेच्या पापुद्र्यांवर पावडर अडकते आणि नसलेल्या सुरकुत्याही दिसायला लागतात. आधी मॉइश्चरायझर लावा, पाच मिनिटं मुरू द्या. मग क्रीम बोटाच्या पेरावर घेऊन थोपटत लावा, घासू नका. बोटाच्या उबेने त्यातलं मेण मऊ होऊन त्वचेत छान मिसळतं.

मुरमं येत असतील तर डबीवर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ शोधा, पण तो शब्द म्हणजे हमी नव्हे. घटकांच्या यादीत खोबरेल तेल किंवा आयसोप्रोपिल मायरिस्टेट दिसलं तर मी ती डबी परत ठेवीन. त्वचा पटकन लाल होत असेल तर बिनवासाचा ब्लश घ्या आणि कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून दोन दिवस वाट पाहा. यादीत ‘कार्माइन’ किंवा ‘सीआय ७५४७०’ असेल तर तो लाल रंग किड्यांपासून काढलेला असतो. काहींना त्याची ॲलर्जी येते, आणि कडक शाकाहारी घरांतल्या मैत्रिणींनाही हे माहीत असायला हवं.

हवेचाही विचार करा. नागपूरच्या थंडीत गालांना क्रीम मानवतं. तेच क्रीम मे महिन्यात रत्नागिरीच्या लग्नात घामाबरोबर उतरेल. अशा दिवशी क्रीमचा अगदी पातळ थर द्या आणि वरून त्याच रंगाची पावडर फिरवा, रंग बराच वेळ टिकतो. क्रम मात्र सांभाळा: फाउंडेशन, मग क्रीम किंवा लिक्विड ब्लश, मग पावडर. पावडरवर क्रीम लावलं की गोळे होतात.

आता रंग. गव्हाळ-सावळ्या वर्णावर पांढरट झाक असलेला फिका गुलाबी राख फासल्यासारखा दिसतो. विटकरी, डाळिंबी, जांभळट छटा खुलतात. दुकानातला टेस्टर थेट गालावर लावू नका, स्वच्छ इअरबडने थोडासा घ्या आणि दुकानाबाहेर येऊन उजेडात आरशात बघा.

घरी आल्यावर डबीवरचं उघड्या झाकणाचं चिन्ह बघा. त्यातला आकडा म्हणजे उघडल्यापासून किती महिने वापरायचं ते. क्रीमला तो बहुधा पावडरीपेक्षा कमी असतो. उघडल्याची तारीख डबीच्या तळाला पेनाने लिहा. वास बदलला किंवा वर तेल सुटलं, तर मुदत शिल्लक असली तरी टाकून द्या.