टर्बो बदलण्याआधी

आंबिवली

चि. बाळू,

तुझ्या आईकडून कळलं आणि स्टेशनबाहेरच्या टॅक्सीवाल्यांतही तेच बोललं जातंय, की एका डिझेल डिझायरच्या टर्बोपाशी ऑइल दिसलं म्हणून तू टर्बो बदललास आणि थोड्याच दिवसांत नवाही तसाच ओला झाला. ऐकून मला राग आला. एनआरसी कारखाना २००९ मध्ये बंद पडल्यापासून मोहने-आंबिवलीतल्या घरांत पैसा कसा जपून खर्च होतो, हे आपल्या घरात तरी कुणाला सांगावं लागू नये. टर्बोचा खर्च म्हणजे अशा घरातल्या माणसाची कित्येक दिवसांची कमाई. ती घेण्याआधी ऑइल कुठून येतंय हे ठरवणं तुझं काम होतं.

ऑइल दिसतं ती जागा आणि ते निघतं ती जागा एकच असते असं धरून चालू नकोस. कौलारू घरात पाणी वाशावरून वाहत येऊन भलत्याच खोलीत ठिबकतं, तसंच हे. टॅपेट कव्हरचं गॅस्केट पाझरलं किंवा फीड पाइपच्या बोल्टचे कॉपर वॉशर दबले, की ऑइल ओघळून टर्बोवर येतं आणि बदनाम टर्बो होतो. म्हणून आधी सगळं धुऊन कोरडं कर, पावडर मार, गाडी थोडी चालव आणि वरून खाली बघत ये. पहिला ओला डाग सर्वांत वर कुठे आहे, तिथून शोध सुरू होतो. इंटरकूलरच्या होजमध्ये ऑइलचा पातळ थर दिसला म्हणूनही घाबरू नकोस. क्रँककेसच्या ब्रीदरमधून येणारी ऑइलची वाफ टर्बोच्या आधीच हवेच्या पाइपात सोडलेली असते. कॉम्प्रेसरच्या अलीकडचा पाइपही ओला असेल, तर आधी ब्रीदर बघायचा.

तरीही ऑइल टर्बोतूनच येत असेल, तर पुढचा प्रश्न असा की ते आत का थांबत नाही. शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो, तिथे रबरी सील टिकणार नाही. असतात त्या पिस्टन रिंगसारख्या बारीक रिंगा, आणि ऑइल आत राहतं ते मुख्यतः चाकांमागच्या हवेच्या आणि गॅसच्या दाबामुळे. ऑइल आत येतं इंजिनच्या दाबाने, पण परत संपमध्ये जातं ते निव्वळ स्वतःच्या वजनाने. ड्रेन पाइपात गाळ बसला, गॅस्केटला लावलेलं सिलिकॉन आत दबून भोक अरुंद झालं किंवा पिस्टनच्या कडेने निसटणाऱ्या गॅसने, म्हणजे ब्लो-बायने, क्रँककेसमध्ये दाब वाढला, की ऑइलला खाली वाट मिळत नाही आणि ते रिंगांमधून बाहेर पडतं. एअर फिल्टर चोंदला तर कॉम्प्रेसरकडून ओढलं जातं. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्याच बंद केल्या, तेव्हा तुझ्याकडे येणारं डिझायरचं १२४८ सीसीचं इंजिन आता जुनंच असणार, त्यातून टॅक्सीचं. ब्लो-बाय न तपासता तिथे नवा टर्बो बसवणं म्हणजे नव्या मालाला जुन्या आजारात ढकलणं. तुझा नवा टर्बो ओला झाला तो बहुधा असाच.

तू म्हणशील, गिऱ्हाईक घाईत असतं आणि टर्बो बदलल्यावर गळती थांबतेही. थांबते, कारण त्याच कामात ड्रेनचं गॅस्केट नवं पडतं, पाइप साफ होतात, ऑइल बदलतं. थांबली कशाने, हे मग तुलाच माहीत नसतं. टर्बो खरोखर गेलेलाही असतो, ते मी नाकारत नाही. शाफ्ट मागेपुढे हलला, पाती टर्बोच्या कवचाला घासल्याच्या खुणा दिसल्या, किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कोरडा आणि टर्बाइनच्या पुढचा पाइप ओला निघाला, तर बेलाशक बदल. बाजूला किंचित हलणं मात्र साधं आहे, तिथे ऑइलचीच फिल्म असते.

उलट चूकही तितकीच वाईट. खरंच मेलेला टर्बो चालू ठेवला तर डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत पळत सुटू शकतं आणि मग चावी काढूनही थांबत नाही. कसारा घाटात भरल्या गाडीत असं झालं तर काय, या विचाराने मला झोप लागत नाही. गॅरेजमध्ये कधी झालंच, तर हवेच्या तोंडावर हात धरू नकोस, फळी दाब, किंवा टॉप गिअर टाकून, ब्रेक दाबून क्लच सोड.

बाळू, रागावून लिहिलं, पण तुझा हात चांगला आहे हे मी जाणतो. एकट्याने गॅरेज चालवताना भाड्याची घाई मागे असते, हेही कळतं. त्या डिझायरवाल्याला बोलाव, ड्रेन आणि ब्रीदर उघडून त्याच्यासमोर दाखव आणि या वेळची मजुरी घेऊ नकोस. भाड्याला पैसे कमी पडले तर मला सांग, लाजू नकोस.

तुझा,
काका