सैनिकाचे निवृत्तिवेतन : उपकार की देणे?

सक्करदऱ्यातील आमच्या साप्ताहिक दर्समध्ये गेल्या महिन्यात सूरह अल-माइदाचा आरंभ चालू होता. पहिल्याच आयतीत अल्लाहने श्रद्धावंतांना आपले करार पूर्ण करण्याचा आदेश दिला आहे. त्यावर विवेचन सुरू असताना मागच्या ओळीत बसलेले एक वयोवृद्ध गृहस्थ उभे राहिले. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, मोहल्ल्यात सर्वांचे चाचा. त्यांनी विचारले, "मौलाना, हा हुकूम फक्त माणसांना आहे की सरकारलाही? आम्ही भरतीच्या वेळी सही केली, पंधरा-वीस वर्षे सीमेवर काढली. उद्या कुणी म्हणाले की खजिन्यावर भार पडतो, पेन्शन कमी करू, तर दीन काय सांगतो?"

त्यांचे बोलणे संपते न संपते तोच एक तरुण म्हणाला, "चाचा, राग मानू नका. पण तोच पैसा इस्पितळांना आणि शाळांना दिला तर जास्त गरिबांचे भले होणार नाही का?"

दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत आणि दोहोंचे उत्तर शोधणे आवश्यक आहे. हा पाठ त्यासाठीच आहे.

प्रथम वस्तुस्थिती

लष्करातील जवान इतर नोकरदारांप्रमाणे साठीपर्यंत सेवेत राहत नाही. सैन्य तरुण राहावे म्हणून त्याला चाळिशीच्या आसपास, कित्येकदा त्याआधीच निवृत्त केले जाते. जवानाला निवृत्तिवेतन मिळण्यासाठी सामान्यतः १५ वर्षांची सेवा लागते. म्हणजे मुले शाळेत असतानाच त्याचे मासिक वेतन थांबते. निवृत्तिवेतनाचे आश्वासन या व्यवस्थेचाच भाग आहे. 'तारुण्य आम्हाला द्या, पुढील आयुष्याची काळजी आम्ही घेऊ' असा त्याचा आशय.

आपल्या देशात या आश्वासनावरून दीर्घ वाद झाला. १९७३ साली तिसऱ्या वेतन आयोगानंतर निवृत्तिवेतनाची पूर्वीची पद्धत बदलली. माजी सैनिकांच्या संघटनांच्या म्हणण्यानुसार, शेवटच्या वेतनाच्या सुमारे ७० टक्के असलेले जवानाचे निवृत्तिवेतन तेव्हापासून ५० टक्क्यांवर आले. पुढे प्रत्येक वेतन आयोगाबरोबर नव्याने निवृत्त होणाऱ्यांचे निवृत्तिवेतन वाढत गेले आणि आधी निवृत्त झालेले मागे पडत गेले. एकाच हुद्द्यावर, तितकीच वर्षे सेवा केलेल्या दोघांच्या हाती केवळ निवृत्तीच्या तारखेमुळे वेगवेगळी रक्कम पडू लागली. यातूनच 'समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन' ही मागणी पुढे आली. २०१५ च्या जूनपासून दिल्लीच्या जंतरमंतरवर माजी सैनिकांनी आंदोलन केले. ७ नोव्हेंबर २०१५ रोजी शासनाने ही योजना जाहीर केली, ती १ जुलै २०१४ पासून लागू केली आणि दर पाच वर्षांनी फेरनिश्चितीचे ठरवले.

पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १६ मार्च २०२२ च्या निकालात न्यायालयाने योजनेच्या सूत्रात घटनात्मक दोष आढळत नाही असे म्हटले. मात्र पाच वर्षांनंतरची फेरनिश्चिती १ जुलै २०१९ पासून करून थकबाकी देण्याचा आदेश दिला. थकबाकी हप्त्यांनी देण्याचा विषय पुन्हा न्यायालयासमोर आला. तेव्हा २० मार्च २०२३ रोजी क्रम ठरला : आधी कुटुंब-निवृत्तिवेतनधारक आणि शौर्यपदकविजेते, मग सत्तरी ओलांडलेले, नंतर उर्वरित, आणि सर्व देणे २८ फेब्रुवारी २०२४ पर्यंत पूर्ण व्हावे.

उपकार नव्हे, देणे

पहिला मुद्दा असा की निवृत्तिवेतन ही खैरात नाही. सर्वोच्च न्यायालयाने देवकीनंदन प्रसाद खटल्यात १९७१ सालीच सांगितले की निवृत्तिवेतन हा हक्क आहे, शासनाच्या मर्जीची बक्षिसी नाही. १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने तोच विचार अधिक विस्ताराने मांडला : निवृत्तिवेतन म्हणजे पूर्वी केलेल्या सेवेचा मोबदला. आजही १७ डिसेंबर हा दिवस निवृत्तिवेतनधारक दिन म्हणून पाळला जातो.

आता हाच विषय कुरआन आणि हदीसच्या प्रकाशात पाहू.

सूरह यूसुफमध्ये (आयत ७२) राजाचे हरवलेले पात्र आणून देणाऱ्यास उंटभर धान्य देण्याची घोषणा आहे, आणि घोषणा करणारा स्वतः त्याची हमी घेतो. इस्लामी विधिज्ञांनी यावरून नियम घेतला की जाहीर केलेले काम पूर्ण होताच मोबदला हे देणे बनते; मग त्यात कपात करण्याचा अधिकार घोषणा करणाऱ्याला उरत नाही. सूरह अल-कससमध्ये (आयती २६ ते २८) हजरत मूसा (अ.) यांच्या आठ वर्षांच्या चाकरीचा करार आहे, दहा वर्षे पूर्ण करणे त्यांच्या खुशीवर सोडलेले आहे. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्या कथनानुसार त्यांनी अधिक लांब मुदत पूर्ण केली. चाकरी घेणारे वडीलधारे गृहस्थ मात्र, आपण तुमच्यावर जाच करू इच्छित नाही, असे आधीच स्पष्ट करतात. ही झाली बलवान पक्षाची जबाबदारी.

सहीह बुखारीतील एका हदीसे-कुदसीचा आशय तर अंगावर काटा आणणारा आहे. कयामतच्या दिवशी तीन प्रकारच्या माणसांविरुद्ध स्वतः अल्लाह वादी म्हणून उभा राहील. त्यांपैकी एक अल्लाहच्या नावाने वचन देऊन ते मोडणारा, आणि एक मजुराकडून पूर्ण काम घेऊन त्याची मजुरी न देणारा. सैनिकाने काम पूर्ण केलेले आहे. त्याने हिमालयात काढलेली वर्षे कुणी त्याला परत देऊ शकत नाही. मग त्या वर्षांचा मोबदला कमी करणे न्याय्य कसे ठरेल?

वचन देणारा बदलला तर?

येथे एक बचाव मांडला जातो : 'आश्वासन मागच्या सरकारने दिले होते, आमच्यावर ते बंधनकारक नाही.'

याचे उत्तर हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या आचरणात आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत जाबिर (रजि.) यांना सांगितले होते की बहरैनचा माल आला तर तुम्हाला इतके, इतके आणि इतके देईन. माल येण्याआधीच प्रेषितांचे (स.) निधन झाले. नंतर तो माल आला, तेव्हा खलिफा अबू बक्र (रजि.) यांनी जाहीर करविले की प्रेषितांकडे (स.) ज्याचे काही देणे असेल किंवा ज्याला त्यांनी वचन दिले असेल, त्याने आमच्याकडे यावे. जाबिर (रजि.) गेले. खलिफांनी त्यांना ओंजळभर नाणी दिली व मोजायला सांगितली. ती पाचशे भरली. मग आणखी दुप्पट घेण्यास सांगितले, कारण वचन तीन वेळांचे होते.

या घोषणेत देणे आणि वचन ही दोन्ही एकाच पंक्तीत बसवली गेली, हे लक्षात घ्या. माणूस गेला तरी ज्या पदावरून वचन दिले ते पद उरते, आणि वचनही उरते.

आपल्या सक्करदऱ्यालाही सत्ताबदलाची आठवण आहे. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले. डलहौसीने दत्तक नाकारला, १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले आणि राजवाड्यातील जडजवाहीर लिलावात काढले. कराराचा अर्थ लावण्याचा अधिकार केवळ बलवानाच्या हाती असला की काय घडते, हे समजण्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही.

वचन आणि करार यांतील फरक

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. प्रत्येक अपेक्षा म्हणजे करार नव्हे. २०२२ च्या निकालात न्यायालयाने संसदेत केलेले निवेदन आणि शासनाने प्रत्यक्ष स्वीकारलेले धोरण यांत फरक केला. इस्लामी फिक्हमध्येही असा भेद आहे. बहुसंख्य विधिज्ञांच्या मते केवळ तोंडी वचन पाळणे हे नैतिक कर्तव्य आहे, पण काजी त्याची सक्तीने अंमलबजावणी करू शकत नाही. मालिकी विधिज्ञांचे प्रसिद्ध मत वेगळे आहे : वचनावर विसंबून समोरच्याने एखादा भार उचलला असेल, तर ते वचन सक्तीनेही पूर्ण करून घेता येते.

सैनिकाने उचललेला भार कोणता, हे सांगायला नको. म्हणून भाषणातील शब्दाबाबत मतभेद होऊ शकेल. परंतु सेवेच्या लेखी अटींत असलेले निवृत्तिवेतन कोणत्याही मताने निव्वळ शब्द ठरत नाही.

पुढे येणाऱ्यांसाठी अटी बदलण्याचा अधिकार मात्र शासनाला आहे. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी बैतुलमालमधून सर्वांना समान वाटप केले, हजरत उमर (रजि.) यांनी दीवान म्हणजे नोंदवही तयार करून सेवेनुसार श्रेणी ठरवल्या व बद्रच्या योद्ध्यांना पाच हजार दिरहम नेमून दिले. दोघेही न्यायी होते. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांची सेवा आहे आणि निवृत्तिवेतन नाही. ती योजना योग्य की अयोग्य यावर वाद आहे. पण अग्निवीराला सही करण्यापूर्वी अट ठाऊक असते. ज्याने सेवा देऊन टाकली आहे, त्याच्यासाठी अट बदलणे ही सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे. सूरह अल-मुतफ्फिफीनच्या आरंभी स्वतः घेताना पुरेपूर मोजून घेणाऱ्या आणि देताना माप मारणाऱ्यांचा धिक्कार आहे. सेवा पुरेपूर घेऊन नंतर माप बदलणे त्याच जातीचे पाप आहे.

खजिना खरोखर रिकामा असेल तर?

आता तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. गरिबांसाठी इस्पितळे हवीत, यात शंका नाही. परंतु एकाचे देणे बुडवून दुसऱ्यावर उपकार करणे ही नेकी नव्हे. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, त्याने सदक्याआधी कर्ज फेडावे, हे आपण घरी मुलांना शिकवतो. राज्याला वेगळा नियम कसा असेल?

खरी अडचण आली तर मार्ग आहे. सूरह अल-बकरा (आयत २८०) अडचणीतील कर्जदाराला मुदत देण्यास सांगते, आणि सूट देणे धनकोसाठी अधिक चांगले म्हणते. म्हणजे विलंब चालू शकतो, आणि हक्कदाराच्या खुशीने सूटही. पण त्याच्या संमतीविना कपात नाही. शिवाय आरंभ वरून व्हावा. हिजरी १८ च्या दुष्काळात हजरत उमर (रजि.) यांनी लोकांना मिळेपर्यंत स्वतः तूप आणि मांस सोडले होते. राज्यकर्त्याने आपल्या ताटातले कमी केल्यावरच त्याला सैनिकाच्या विधवेकडे मुदत मागण्याचे तोंड राहते.

एक अपवाद मात्र स्पष्ट आहे. कुणी खोटा दाखला देऊन अपंगत्वाचे निवृत्तिवेतन उचलत असेल, तर चौकशी करून ते थांबवणे ही कपात नव्हे. सार्वजनिक मालातील खयानत किती गंभीर आहे, हे सूरह आले-इमरान (आयत १६१) सांगते. चाचांनी ही गोष्ट सर्वांत आधी मान्य केली. "चोराची पेन्शन आमच्यात मोजू नका," ते म्हणाले.

आपल्या दारापर्यंत

बैठक संपत आली तेव्हा चाचांनी आणखी एक प्रश्न विचारला, आणि त्याने सभा शांत झाली. "सरकारचे झाले. आपल्या मुअज्जिन साहेबांना ठेवताना आपण म्हातारपणी सांभाळू म्हटले होते. त्याची नोंद कुठे आहे?"

नोंद नव्हती. तीस वर्षे पहाटे उठवणाऱ्या माणसाला दिलेला शब्द कुणी लिहून ठेवला नव्हता, आणि तो देणारी बहुतेक मंडळी आता कब्रस्तानात आहेत. सूरह अल-बकरा (आयत २८२) मुदतीचे व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश देते. तो आपण व्याख्यानात ऐकतो आणि वहीत उतरवत नाही. त्याच रात्री जमातीने रक्कम ठरवली, कागद केला आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या.

शासनाकडे न्याय मागणे आपला हक्क आहे, आणि तो सनदशीर मार्गाने मागितलाच पाहिजे. पण पत्नीचा मेहर, घरकाम करणाऱ्या बाईची ठरलेली बक्षिसी, दुकानातल्या जुन्या नोकराला दिलेला शब्द ही आपल्या हुकमतीतली निवृत्तिवेतने आहेत. त्यांचा हिशेब कोणत्याही आयोगापुढे नव्हे, थेट अल्लाहपुढे होणार आहे.

अल्लाह आपणा सर्वांना दिलेला शब्द पाळण्याची आणि घेतलेल्या सेवेचे पूर्ण मोल देण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.

घरातील अभ्यासासाठी

१. हजरत जाबिर (रजि.) यांच्या प्रसंगातून वचनाविषयी कोणता नियम मिळतो?
२. पुढील लोकांसाठी अट बदलणे आणि सेवा दिलेल्यांसाठी अट बदलणे, यांत काय फरक आहे?
३. खजिना अडचणीत असेल तर शासनाला कोणते मार्ग खुले आहेत आणि कोणता नाही?
४. आपल्या घरात, दुकानात किंवा मशिदीत दिलेला पण न लिहिलेला एखादा शब्द आहे का? या आठवड्यात तो लिहून काढा.