‘पश्चात्ताप’ या शब्दामागील ग्रीक शब्द

नव्या करारांत जेथें ‘पश्चात्ताप’ हा शब्द येतो, तेथें मूळ ग्रीक भाषेंत बहुधा ‘मेटानोइया’ असा शब्द असतो. ‘नूस’ म्हणजे मन. मेटानोइया म्हणजे मन पालटणें. आमचा मराठी शब्द मागाहून होणारा ताप दाखवितो. ग्रीक शब्द त्यापुढील पालट दाखवितो. लूककृत शुभवर्तमानाच्या ३ ऱ्या अध्यायांत योहान त्याचीं फळें मागतो : दोन अंगरखे असणाऱ्यानें एक द्यावा, जकातदारानें ठरल्याहून अधिक घेऊं नये.

केवळ खेदासाठीं मत्तय ‘मेटामेलोमाइ’ हें निराळें क्रियापद योजितो. २१ व्या अध्यायांत ‘जात नाहीं’ म्हणणारा मुलगा खेद पावून द्राक्षमळ्यांत कामास गेला. २७ व्या अध्यायांत यहूदाहि खेद पावला. त्यानें चांदीचीं ३० नाणीं मंदिरांत टाकून दिलीं, परंतु अखेर आपलाच घात करून घेतला. खेद एकच, शेवट भिन्न.

अपराध ध्यानीं आल्यावर मनाची आग होते, ती व्यर्थ नव्हे. परंतु तेथेंच थांबलों तर ती आम्हांस जाळील. ज्याचें नुकसान केलें त्याच्याकडे मन व पाऊल वळलें, म्हणजे हा शब्द आम्हांस समजला.