निसरडी वाट

आषाढ लागला की जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगर ढगांत बुडून जातात. ओतूर, मढ ही गावे मागे टाकून कल्याणकडे निघालेली एस. टी. माळशेज घाटात शिरते, तेव्हा कधी कधी धुक्यामुळे पुढचे वळणही दिसेनासे होते. कड्यावरून कोसळणाऱ्या धबधब्यांचे तुषार रस्त्यावर येतात. एका अंगास उंच कातळ, तर दुसऱ्या अंगास खोल दरी! शेजारच्या आंबेगाव तालुक्यात घोडेगाव, डिंभे या गावांवरून भीमाशंकरकडे जाणारा रस्ताही असाच वळणावळणांचा आहे. श्रावणात तेथे यात्रेकरूंच्या गाड्यांची रीघ लागते. या सर्वांचे प्राण ज्या गोष्टींवर अवलंबून असतात, त्यांपैकी एक म्हणजे चाकाची रस्त्यावरील पकड.

ही पकड घर्षणामुळे मिळते. मोटारीच्या प्रत्येक चाकाचा जेमतेम तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो. रस्ता कोरडा असला म्हणजे एवढा भागही पुरेसा होतो. परंतु मध्ये पाणी आले की पकड सैल पडते. पहिल्या पावसात तर रस्त्यावरची धूळ आणि सांडलेले तेल पाण्यात कालवून बुळबुळीत थर तयार होतो. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर आलेला चिखल त्यात भर घालतो.

याचा परिणाम किती होतो, ते पाहा. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार कोरड्या रस्त्यावर जोराने ब्रेक लावल्यावर सुमारे ९ मीटरांत थांबते. पकड निम्मी झाली, तर तिला १८ मीटर लागतात. गोठलेल्या बर्फावर तर हे अंतर ६० मीटरांच्याही पुढे जाते. शिवाय वेग दुप्पट केला की थांबण्याचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते!

आपल्या घाटांत बर्फ पडत नाही. पण काश्मीर, हिमाचल प्रदेश यांसारख्या प्रदेशांत हिवाळ्यात रस्ते बर्फाने झाकले जातात. तेथील वाटांसाठी काही आधुनिक मोटारींत ‘स्नो मोड’ नावाची सोय असते. तिची कळ दाबली की यंत्र सौम्यपणे वागू लागते. चालकाचा पाय अॅक्सिलरेटरवर जोराने पडला, तरी इंजिन आपली शक्ती एकदम न देता हळूहळू देते. पुष्कळ मोटारी अशा वेळी पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये निघतात. एखादे चाक जागच्या जागी गरगर फिरू लागले, तर त्याला तत्काळ आवर घातला जातो. ओल्या रस्त्यासाठीही काही मोटारींत अशीच सोय असते.

घाटात वर्षानुवर्षे गाडी हाकणारा चालक हेच काम आपल्या हातापायांनी करीत असतो. चिखलात तो गाडी दुसऱ्या गिअरमध्ये हळुवार काढतो. वळण येण्यापूर्वीच वेग कमी करतो; वळणात एकाएकी ब्रेक दाबत नाही. जो चढ ज्या गिअरमध्ये चढावा, तो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा त्याचा नियम असतो. त्यामुळे इंजिनच गाडीला मागे धरते आणि ब्रेक तापत नाहीत. इंधन वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करणे म्हणजे चार पैशांसाठी प्राण पणाला लावणे होय. पुढच्या वाहनापासून तो नेहमीपेक्षा अधिक अंतर राखतो आणि चढण चढणाऱ्या गाडीला आधी वाट देतो.

मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. कोणतीही कळ दाबल्याने रस्त्याची पकड वाढत नाही. आहे तेवढी पकड जपून वापरण्यास यंत्र मदत करते, इतकेच. झिजलेले टायर त्याने नवे होत नाहीत. बर्फावर गाडी निघाली सहज, म्हणून ती सहज थांबेलही, असे समजणारा चालक फसतो. निघणे यंत्राने सोपे केले, तरी थांबणे शेवटी रस्त्याच्याच स्वाधीन असते.

‘अति घाई, संकटात नेई’ हे रस्त्याकडेच्या फलकांवरील वाक्य आपण अनेकदा वाचतो. निसरड्या वाटेवर त्याचा अर्थ खरा कळतो. यंत्र साहाय्य करील. वेग किती ठेवावयाचा, हे मात्र माणसानेच ठरवावयाचे असते. थोड्या उशिराने का होईना, गाडीतील प्रत्येक जण सुखरूप घरी पोहोचला पाहिजे. त्यातच चालकाचे खरे कौशल्य आहे.

स्वाध्याय

१. पहिल्या पावसात रस्ता अधिक निसरडा का होतो?
२. ‘स्नो मोड’ आणि घाटातील अनुभवी चालक यांच्या वागण्यात कोणते साम्य आहे?
३. ‘थांबणे शेवटी रस्त्याच्याच स्वाधीन असते’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. वाक्यांत उपयोग करा : रीघ लागणे, आवर घालणे, प्राण पणाला लावणे.
५. तुमच्या गावाजवळील एखाद्या घाटाचे पावसाळ्यातील वर्णन दहा ओळींत लिहा.